टिकलं कशानं

“तुमच्यात चांगलं काय चालतं, ते आधी सांगा.”

बाईंचा पहिला प्रश्न हाच. तो विचारून झाला की चष्मा कपाळावर सरकवून त्या समोरच्याकडे बघत बसायच्या. उत्तराची त्यांना कधी घाई नसे.

नव्वदच्या दशकाच्या शेवटी मी त्यांची मदतनीस होते. घराण्यांनी चालवलेल्या कारखान्यांवर बाईंचा अभ्यास चालला होता. कागल, जयसिंगपूर, सगळीकडे त्यांच्या स्कूटरवरून हिंडायचो. ते दिवस आठवायला गेलं की आधी फक्त पिवळं ऊन आणि वाऱ्यावर फडफडणारा त्यांचा पदर दिसतो. बाकीचं मग सावकाश वर येतं.

“मोडलं कशानं, हे सगळेच विचारतात गं,” त्या म्हणायच्या. “इतकी वर्षं टिकलं कशानं, ते कोण विचारणार?”

उद्यमनगरात दोन भावांची एक फौंड्री होती, लोखंड ओतायचा कारखाना. वर्षभर दोघांचं बोलणं बंद, वाटणी ठरलेली. बाईंचा प्रश्न ऐकून थोरले मोठ्यानं हसले.

“चांगलं? आता काय ऱ्हायलंय हो बाई? काय न्हाय!”

बाईंनी चष्मा कपाळावर सरकवला. चहावर साय धरली. मी अवघडून खिडकीबाहेर बघत राहिले.

मग थोरले खाली मान घालून म्हणाले, “एक हाय. धाकट्यासारखा साचा कुणी भरत न्हाय. वाळूत हात घातला की वल किती ते कळतंय त्याला. मला अजून जमत न्हाय.”

कसल्याशा कागदावर सही घ्यायला आलेले धाकटे दारातच थबकले होते. बाईंनी त्यांनाही तेच विचारलं.

“दादाला लोखंडाच्या रसाचा रंग कळतोय,” ते भिंतीला सांगावं तसं म्हणाले. “नुसतं बघून सांगतोय, आता वता. कवा चुकला न्हाय.”

“हे मला कवा बोलला न्हाईस.”

“तू कवा इचारलंस?”

वाटणी टळली नाही. पण मधली भिंत कुणी घातली नाही, आणि धाकट्यांचे साचे थोरल्यांच्या भट्टीवर जात राहिले. “तुमच्यामुळं झालं,” मी बाईंना म्हटलं, तर त्या चिडल्याच. “माझं काय त्यात? होतं तेच बोलले ते.”

पुढं काही वर्षांनी बाई आजारी पडल्या. त्या अभ्यासावरचं पुस्तक अर्धंच राहिलं आणि त्या गेल्या. अंत्ययात्रेला दोघे भाऊ एकाच गाडीतून आले होते.

मला मात्र बाई दिसतात त्या वाटणीनंतरच्या एका संध्याकाळच्या. रस ओतला जातोय, ठिणग्या उडतायत. “बाई, मागं सरा की!” असं थोरले ओरडतायत. आणि बाई तोंडभर तांबडा उजेड घेऊन तिथंच उभ्या आहेत.