बारागाड्या आणि दहावीची उजळणी

आमचे विज्ञानाचे सर मारकुटे होते. ही तक्रार नाही. रावेर तालुक्यातल्या आमच्या गावात त्या काळी न मारणारा मास्तर म्हणजे कामचुकार मास्तर, अशीच समजूत होती. पण सरांच्या मारण्यात शिकवणं असायचं. जडत्व शिकवायचं तर ते बेसावध बसलेल्या पोराच्या पाठीत असा दणका घालत की छाती पुढे जाई आणि डोकं मागे राही. मग फळ्याकडे वळून शांतपणे म्हणत, "लिहा." गतीचा तिसरा नियम सांगताना त्यांनी मागच्या बाकावरच्या दांडगटाच्या थोबाडीत मारली आणि आपला लाल झालेला तळवा सगळ्यांना दाखवला. "मलाही तेवढंच लागलं," ते म्हणाले. त्या पोराचे डोळे भरून आले होते, त्याला हे पटलेलं दिसलं नाही. आम्हा मुलींना तळहातावर छडी बसे, आणि ती बसली की दिवसभर पेन धरवत नसे.

सर धुळ्याकडचे, शिंदखेड्याजवळच्या एका खेड्यातले. एरवी पुस्तकी बोलायचे, पण राग आवरेनासा झाला की अहिराणीत शिरायचे. "बठ्ठं पाठ करी लिधं, समजनं का काही?" म्हणजे सगळं पाठ केलं, पण समजलं का, असं कानावर आलं की आम्ही हात पुढे करून ठेवायचो. आमची पूर्वेकडची बोली वेगळी, म्हणून पोरं मागून त्यांच्या नकला करत आणि सापडली की पुन्हा मार खात.

ऐंशीच्या दशकाची अखेर असावी. मी दहावीत होते. जानेवारी संपता संपता सरांनी उजळणी सुरू केली. शाळेआधी दोन तास, रोज. गती, बल, ऊर्जा, हे तीन धडे परीक्षेत हमखास येतात म्हणून तेच आधी. मला ते धडे आवडत. जगात काय कशाने हलतं हे कोणीतरी नीट लिहून ठेवलंय, याचंच मला बरं वाटे. कारण आमच्या घरात कोण कशाने उसळेल याचा काही नेम नव्हता.

आबा, म्हणजे माझे वडील, गावचे भगत होते. माघी पौर्णिमेला खंडेरावाच्या यात्रेत बारा बैलगाड्या एकीमागे एक बांधायच्या, त्यांत माणसं दाटीवाटीने उभी करायची आणि बैलांऐवजी एकट्या भगताने त्या देवळापर्यंत ओढायच्या. याला आमच्याकडे बारागाड्या म्हणतात. भगत अंगाला हळद फासतो, गाड्यांना पाच फेरे घालतो, कमरेला दोर बांधतो. दोन्ही बाजूंनी त्याला काखेत धरून पळणारे दोघं, ते बगले. मागून लोटायला शे-पन्नास हात लागलेले असतात, पण त्यांच्याबद्दल कोणी बोलत नाही. देव ओढतो, असंच म्हणायचं. हा मान आमच्या घराण्यात तीन पिढ्या होता.

आदल्या वर्षी गाड्या हलेनात. पहिल्या हिसक्याला नाही, दुसऱ्याला नाही. तिसऱ्याला हलल्या आणि देवळाच्या तीस पावलं अलीकडे अडल्या. भाऊबंदांत कुजबुज सुरू झाली की आता वय झालं, मान चुलत घराकडे जाऊ द्या. तिथे एक पंचविशीतला पहिलवान तयारच बसला होता.

तेव्हापासून आबांना आईला मारायला काही निमित्त लागेना. मीठ कमी पडलं म्हणून मारलं, जास्त पडलं म्हणून मारलं, आणि बरोबर पडलं त्या दिवशी ती बोलली नाही म्हणून मारलं. मी मध्ये पडले की माझा वाटा मला मिळे. त्या वर्षी आईच्या दंडावरचे वळ कधी पूर्ण उतरलेच नाहीत. मला आबांचा संताप येई, अगदी त्यांच्या ताटात थुंकावं असा. तरीही यंदा गाड्या देवळापर्यंत जाव्यात म्हणून मी मनातून देवाला विनवत होते. मान गेला तर आबा घरी येऊन आईला जिवंत ठेवणार नाहीत, याची मला खात्री होती.

आणि मग घर्षणाचा धडा आला. थांबलेल्या वस्तूला हलवायला जास्त बल लागतं, हलली की कमी पुरतं. जमीन मऊ असेल तर चाक रुततं. सर सांगत होते आणि मला पुढ्यात गावचा रस्ता दिसत होता. आमच्या बारागाड्या जुन्या लाकडी चाकांच्या, वर लोखंडी धाव, मातीत बोटभर रुतणाऱ्या. पण गावात आता टायरगाड्याही झाल्या होत्या. केळीचा घड हिसक्याने काळा पडतो, म्हणून बागेतून ट्रकपर्यंत माल आणायला बागायतदारांनी त्या करून घेतल्या होत्या. देवळाकडे उतरत जाणारा रस्ता गेल्या उन्हाळ्यात डांबरी झाला होता. मी त्या तंद्रीत हसले असावे, कारण सरांनी मला उभं करून दोन छड्या दिल्या. त्या मला लागल्याच नाहीत.

संध्याकाळी आबा ओट्यावर बसले होते. मी वही घेऊन लांबच उभी राहिले.

"आबा, यंदा टायरच्या गाड्या लावा."

"काऊन?"

"टायर रुतत नही. अन् रस्ता डांबरी झाला. अर्धाबी जोर लागनार नही."

"कोनी सांगतलं?"

"पुस्तकात हाये."

मी गाडी काढली, बाण काढले, कोणता बाण किती लहान होईल ते दाखवलं. आबांना अक्षर येत नव्हतं, पण बाण कळले. ते कितीतरी वेळ त्या पानाकडे बघत राहिले. "देवाचं काम हाये," ते पुटपुटले, आणि मग म्हणाले, "पान फाडून दे." पान त्यांनी बंडीच्या खिशात घातलं. माझ्या आठवणीत माझं एवढं कोणी ऐकून घेतल्याची ती पहिलीच वेळ. दुसऱ्या दिवसापासून ते बागायतदारांच्या दारोदार फिरून टायरगाड्या गोळा करू लागले. भाऊबंदांनी नाकं मुरडली, पण गाड्या कशाच्या असाव्यात याबद्दल रूढीत काही नव्हतंच.

रूढीत आणखी एक गोष्ट नव्हती. गाड्या थांबवायच्या कशा, याचा विचार आमच्या गावात कोणी कधी केलाच नव्हता. हलतील का, एवढीच पिढ्यान् पिढ्या चिंता. लोटणाऱ्यांनी हात काढले की लाकडी चाकं मातीत आपोआप अडत.

यात्रेच्या आधीच्या मंगळवारी सरांनी ऊर्जेची उजळणी घेतली. गणित असं: एका ट्रकचा वेग दुप्पट झाला, ब्रेकचं बल तेवढंच राहिलं, तर तो थांबायला किती अंतर घेईल? सगळा वर्ग म्हणाला दुप्पट. सगळ्या वर्गाने मार खाल्ला. मी म्हणाले, चौपट. त्या दिवशी छडी न बसलेली मी एकटीच होते, आणि सरांनी माझ्या वहीत लाल शाईने बरोबरची खूण केली.

घरी येताना मी त्याच रस्त्याने आले. उतारावर पाय आपसूक भरभर पडत होते. बारा गाड्या, त्यांतली माणसं, रुततच नाहीत अशी चाकं, आणि पुढे एकटे आबा. या गाड्या थांबणार कशा? मागच्या गाडीला उलटा दोर बांधून वीस माणसं धरायला ठेवली तर जमेल, असं मी चालता चालता ठरवलंसुद्धा. हे आबांना सांगायचं म्हणून मी शेवटी पळतच सुटले.

घरात आई चुलीपाशी पदर तोंडाला लावून बसली होती. ओठ फाटून पदर भिजला होता. दोन दात हलत होते. आबा ओट्यावर दोर तपासत होते आणि खुशीत होते. यंदा मान राहणार म्हणून खुशीत, आणि तरी मारलं होतं. मी वही दप्तरात घातली. सांगायचं नाही असं मी ठरवलं, असं म्हटलं तर ते खोटं होईल. सांगायचं राहून गेलं म्हटलं तर तेही खोटंच. मी आईच्या ओठावर हळद दाबून धरली आणि यात्रेपर्यंत त्या विषयावर तोंड उघडलं नाही.

शनिवारी यात्रा होती. आबांनी पाच फेरे घातले, दोर बांधला, भंडारा उधळला गेला. पहिल्याच हिसक्याला गाड्या निघाल्या. गावाने असा गजर केला की शेजारी काय बोलतंय ते ऐकू येईना. आबा पळत होते आणि हसत होते. मी त्यांना असं हसताना कधी पाहिलं नव्हतं. मागून लोटणारे मागेच राहिले, त्यांना गाड्या गाठता येईनात. मग बगल्यांचे पाय अडखळायला लागले. एकाने हात सोडला. दुसरा बाजूला फेकला गेला. आबांनी मागे वळून बघितलं आणि पहिल्या गाडीचा दांडा त्यांच्या पाठीत बसला. ते पालथे पडले. पहिल्या गाडीचं चाक गुडघ्यावरून गेलं, मग दुसरीचं, मग गाड्या एकमेकींवर चढल्या आणि वरची माणसं खाली पडली. हाड मोडल्याचा आवाज मला ऐकू आला असं मी कैक वर्षं म्हणत होते. एवढ्या गलक्यात तो ऐकू येणं शक्य नाही. गाड्या देवळाच्या पायरीला धडकून थांबल्या.

आबांना केळीच्या ट्रकमधून जळगावला नेलं. आई सोबत गेली. काकांनी माझी वेणी धरली आणि सगळ्या लोकांत विचारलं, "टायरगाड्यांचं खूळ कोनी घातलं त्याच्या डोक्यात?"

"सरांनी शिकवलं," मी म्हणाले.

एवढंच म्हणाले. काकांनी वेणी सोडली. लोकांनी गाड्यांच्या शिवळा उपसल्या आणि शाळेमागच्या सरांच्या खोलीकडे निघाले. मी पण मागे गेले. सरांना त्यांनी बाहेर ओढलं तेव्हा त्यांच्या हातात आमच्या तपासायच्या वह्या होत्या. शिवळ म्हणजे बैलाच्या मानेशी जुवात अडकवायची काठी, टणक लाकडाची असते. सरांनी डोकं वाचवायला उजवा हात वर धरला आणि तो हात दोन ठिकाणी मोडला. त्यांच्याच हातचा मार खाल्लेली दहावीची पोरंही त्या गर्दीत होती आणि मन लावून मारत होती. मी कुंपणाला धरून उभी होते. माझी कल्पना होती, सरांची नव्हती, असं सांगायला मला कोणी अडवलं नव्हतं.

जळगावच्या दवाखान्यात हाडांचे सगळे रोगी एकाच वॉर्डात. आबांचा पाय गुडघ्याच्या वर कापला होता, आणि दोन खाटा सोडून सर होते. मी रोज सकाळच्या बसने डबा घेऊन जायची आणि सरांच्या खाटेपाशी मान खाली घालायची. चौथ्या दिवशी त्यांनी हाक मारली. मी गेले आणि आधी तेच बोलले.

"तुमचं नाव मी घेतलं, सर."

"माले माहीत शे," ते म्हणाले. "वही काढ. परीक्षा नऊ दिवसांवर आली."

मी वही काढली. प्लास्टरमधला हात छातीवर ठेवून त्यांनी प्रश्न विचारायला सुरुवात केली. वेग, त्वरण, संवेग. मी सांगत गेले. मग त्यांनी आवाज चढवला.

"वेग दुप्पट झाला तर थांबायला अंतर किती?"

"चौपट."

"हे मी कधी शिकवलं?"

मी वहीची पानं उलटत राहिले.

"कधी शिकवलं?"

"यात्रेच्या चार दिवस आधी."

दोन खाटांपलीकडे आबांनी डोळे उघडले. सरांना तेच हवं होतं. मी त्यांना दोष देत नाही.

"इकडं ये," आबा म्हणाले. मी गेले. आई त्यांच्या उशाशी बसली होती. "गाड्या थांबनार नही, हे तुले आंधीच मालूम व्हतं?"

"हो."

"मंग मले सांगतलं काऊन नही?"

वॉर्डातले सगळे आमच्याकडे बघत होते. मला विसरले म्हणता आलं असतं. पण मी म्हणाले, "सांगाले पयतच आली व्हती घरी. तुमी आईचं तोंड फोडलं व्हतं त्या दिवशी. म्हनून नही सांगतलं."

आबांनी माझ्याकडे बघितलं. मार येणार म्हणून मी अंग चोरलं नाही, उलट मला तो हवाच होता.

आई उठली. आईने जन्मात कोणावर हात उचलला नव्हता, गोठ्यातल्या जनावरावरसुद्धा नाही. तिने माझ्या तोंडात मारली, मी खाली पडले, आणि मग तिने केस धरून उठवून आणखी एक मारली. सरांनी पडल्या पडल्या तिला थांबवलं नाही.

मग तिने डबा उघडला, भाकरी दुधात कुस्करली आणि आबांना भरवायला बसली.