सुनंदाताईंची साडी

“हात लावू नका, ताई!” मी ओरडेपर्यंत केबलचा झटका बसून सुनंदाताई स्टुलासकट मागे पडल्या होत्या.

मानपाड्याच्या आमच्या कारखान्यात टीव्हीला लावतात त्या कोॲक्स केबलची हाय व्होल्टेज चाचणी होते. मशीन बंद केलं तरी केबलमध्ये विजेचा चार्ज उरतो. तो उतरवायला टोकाला शॉर्टिंग कॅप, म्हणजे धातूचं टोपण, लावतात. आज पाहुणे येणार, टेबल नीटनेटकं दिसावं, म्हणून साहेबांनी सगळ्या कॅप कपाटात ठेवल्या.

साहेब म्हणाले, “नायलॉनची साडी नेसून येता. स्टॅटिकचा झटका बसणारच.”

“काल पण नायलॉनच होती, साहेब. कॅप कपाटात नव्हत्या,” ताई उठत म्हणाल्या.

तुमच्याकडेही मार खाणाऱ्याचीच चूक असते का?

दुसऱ्या दिवशी सकाळी: दारावर नोटीस आहे, महिलांनी सुती कपडे घालावेत. ताई सुती साडीत आल्या. कॅप कपाटातच आहेत.