ओळंब्याबाहेरची भिंत

खराडीच्या ज्या कार्यालयात नाजिमा नकाशे काढी, तिथे रेषा सरळ असणे हा कौशल्याचा नव्हे, चारित्र्याचाच भाग मानला जाई. सहा वर्षे, कंत्राटावर, तिने धायरी-मांजरीकडच्या नव्या गृहसंकुलांचे आराखडे संगणकावर उतरवले होते. मोजणाऱ्याचा हात हलला की भिंत वाकडी येई. ती काटकोनात आणायची आणि पुढे जायचे, असा शिरस्ता होता.

२००५ साली परदेशातून वेगळे काम आले. उत्तर युरोपातल्या एका राजवाड्याला खेटून उभ्या असलेल्या पडक्या मठाचे नकाशे काढायचे होते. बाराव्या शतकात ख्रिस्ती साधूंनी तो बांधला. पुढे राजे त्याच्या पाहुणघरात उतरू लागले, मग त्यांनी शेजारीच राजवाडा उभारला. राजवाडा वाढत गेला तसा मठ आक्रसत गेला. अठराव्या शतकात कुणीतरी त्याच्या छपरावर दगडी फरश्या चढवल्या. दहाएक वर्षांत छप्पर कोसळले. राहिल्या त्या भिंती, आणि नाजिमाने सवयीने त्या सरळ केल्या.

"याला म्हणतात काम," तिचे वरिष्ठ तेजस म्हणाले, आणि नोकरीत कायम करायच्या यादीत तिचे नाव घातले.

मोमीनपुऱ्यातल्या घरी तिने छापील नकाशा अब्बांपुढे, म्हणजे दादामियाँपुढे, पसरला. त्यांनी चाळीस वर्षे गवंडीकाम केले होते. इंग्रजी अक्षर त्यांना वाचता येत नसे. भिंत वाचता येई.

"छप्पर कशाचं होतं म्हणालीस?"

"दगडी. पडलं ते."

"आणि भिंत ओळंब्यात, अगदी सरळ उभी?" दादामियाँ हसले. "बेटा, वर एवढं ओझं, खाली कमानी. कमान भिंतीला बाहेर रेटते. भिंत झुकल्याशिवाय असलं छप्पर पडत नाही. ही भिंत तू बांधलीस, त्या साधूंनी नव्हे."

"मोजणीत वाकडीच होती, अब्बा. मला वाटलं, चूक आहे."

"मग मोजणारा शहाणा होता म्हणायचा."

सकाळी तिने मूळ मोजणी काढून पाहिली. वर जावे तसतसा प्रत्येक बिंदू थोडा अधिक बाहेर होता. हात हलला असता तर चूक कधी आत, कधी बाहेर झाली असती. ही एकाच दिशेने जात होती. आणि या नकाशावर विसंबून कुणीतरी त्या भिंतीला टेकू देणार होते.

ती तेजसकडे गेली.

"नकाशा उद्या जायचाय, आणि चूक आज सापडली?"

"माझीच आहे, सर. मीच भिंत सरळ केली."

"तिकडे जाऊन कोण पाहणार आहे? आपण तर नाहीच."

"म्हणूनच सांगतेय, सर. ते आपल्या कागदावर विसंबणार."

"आणि हे कळलं कसं?"

"अब्बांनी सांगितलं."

"वा! मग त्यांनाच कायम करू." मग तेजस खालच्या आवाजात म्हणाले, "मुदत मागायची तर कारण लिहावं लागेल, आणि नाव. यादीतून तुम्ही जाल, मॅडम. पुढची यादी वर्षानं."

सहा वर्षे एका क्षणात तिच्या डोळ्यांपुढून गेली. अब्बांचे औषधपाणीही या नोकरीवरच चालले होते.

"लिहा, सर."

तेजसनी लिहिले. पण "चूक तिने स्वतः होऊन कळवली" एवढे वाक्य मात्र त्यांनी आपणहून जोडले.

शुक्रवारी यादी लागली. तिच्या जागी शेजारच्या टेबलावरच्या अपेक्षाचे नाव होते. नाजिमाने तिचा हात हातात घेऊन अभिनंदन केले, आणि जागेवर येऊन दक्षिणेची भिंत उघडली. तिचे एकशे चाळीस बिंदू मूळ मोजणीप्रमाणे बाहेर न्यायचे अजून बाकी होते.