दादाच्या पडद्यावरचा ढग

इथे ग्रुपवर मला कुणी ओळखत असेल तर लोकांच्या अनुभवांखाली 'आधी डॉक्टरला दाखवा' अशी कमेंट टाकणारा माणूस म्हणूनच. आमचं घर बौद्ध. लहानपणी भुताचं नाव काढलं की आई पाठीत धपाटा घालायची आणि बावीस प्रतिज्ञा म्हणायला लावायची. भूत, करणी, बाहेरचं... असल्या गोष्टींना आमच्याकडे थारा नव्हता, आजही नाही. तरी लिहायला बसलोय, कारण जे चाललंय ते अजून संपलेलं नाही आणि माझं कशातच लक्ष लागत नाही.

आम्ही बदलापूर पूर्वेला, शिरगावात राहतो. मी आनंदनगर एमआयडीसीत सुपरवायझर. घरात बायको संगीता आणि माझा थोरला भाऊ, दादा. आई-बाबा लवकर गेले, मला दादानेच वाढवलं. त्या नादात त्याचं लग्न राहूनच गेलं. तो पडदे रंगवायचा – फोटो स्टुडिओत गिऱ्हाइकाच्या पाठीमागे लावतात ते. आता सगळं कॉम्प्युटरवर होतं म्हणा, पण उल्हासनगरचे एक सिंधी शेठ अजून हट्टाने हाताने रंगवलेलाच पडदा घेतात.

दादाची खासियत म्हणजे आकाश. पडद्याचं काम आकाशापासून सुरू होतं आणि ते एका बैठकीत संपवावं लागतं, कारण रंग ओला असेपर्यंतच ढग त्यात मुरतो. वर गडद निळा, खाली येईल तसा फिका. ढग निव्वळ पांढरा नाही, त्यात चिमूटभर पिवळी माती. तळ सपाट आणि राखाडी. काठ ब्रशने काढायचे नाहीत, ओल्या फडक्याने टिपायचे. मी शाळेत असताना एकदा ढगाला बाहेरून रेघ मारली होती, तर म्हणाला, "बाळ्या, हा ढग आहे का फ्लॉवरचा गड्डा?" आणि एक नियम पक्का – ढग मधोमध घ्यायचा नाही. तिथे गिऱ्हाईक उभं राहतं, फोटोत त्याच्या डोक्यावर कापूस ठेवल्यासारखं दिसतं. म्हणून दादाचा ढग कायम उजवीकडे.

गेल्या हिवाळ्यात शेठच्या पडद्याचं आकाश संपवून, त्याचा फोटो त्यांना मोबाइलवर पाठवून दादा हात धुवायला उठला आणि तिथेच कोसळला. अर्धांगवायू. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. हॉस्पिटलमधून घरी आणलं तेव्हा तो पडदा हॉलच्या भिंतीवर तसाच होता. वर आकाश, खाली कोरा मांजरपाट. दादाची कॉट आम्ही त्याच्यासमोर लावली. पडल्या पडल्या बघत राहील, तेवढंच बरं वाटेल, असा साधा विचार.

पुढे एका रविवारी शेठ त्याला बघायला आले. चहा घेता घेता त्यांची नजर पडद्यावर गेली.

"अरे भाई, ये बादल बीच में किसने लाया?"

मी म्हटलं, "शेठ, दादाने केलंय तसंच आहे. कोणी हात नाही लावला."

"साईं, मजाक मत कर. पेंटर ने मेरे को फोटो भेजा था." त्यांनी मोबाइल काढून दाखवला. फोटोत ढग उजवीकडे होता. भिंतीवरचा मधोमध.

मी पडद्याजवळ गेलो. रंग खडखडीत वाळलेला, त्यावर घरातली धूळसुद्धा बसलेली. ढग जिथून निघाला होता तिथे कोरी जागा नव्हती. तिथे निळं आकाश होतं... आणि ब्रशचे फटकारे दादाचेच. ते मी झोपेतही ओळखेन. शेठनी कप खाली ठेवला. "पडदा इधर ही रहने दे," म्हणाले आणि निघाले.

मी ढगाच्या पुढच्या टोकाला पेन्सिलने खूण केली. दुसऱ्या दिवशी ड्युटीवरून आलो तर ढग खुणेच्या पुढे गेलेला. पुन्हा खूण केली, पुन्हा तेच. आधी संगीतावर संशय घेतला, तिने दोन दिवस अबोला धरला. बरं, दादा तर कॉटवरून उठूही शकत नव्हता. तो नुसता बघायचा. आजारपणात प्रथमच त्याचा चेहरा शांत दिसत होता.

आणि त्याच दिवसांत त्याचं खाणं सुटत चाललं. डॉक्टर म्हणाले, तसं कारण काही दिसत नाही, पण अशक्तपणा वाढतोय. मला मात्र दिसत होतं. ढग डावीकडे जाईल तसा दादा उतरत होता. असं मी लिहितोय, मी! पण दिसत होतं. एकदा आम्ही पडदा गुंडाळून ठेवला, तर त्याला अशी धाप लागली की संगीताने धावत जाऊन तो परत टांगला.

ढग डाव्या काठाला टेकायला आला त्या दिवशी दादाने पाण्यालाही तोंड उघडलं नाही. माझं डोकं चालेना. मी त्याच्याच डब्यांतले रंग काढले, स्टूल घेतलं आणि त्या काठाशी डोंगर रंगवायला लागलो. खालच्या कोऱ्या कापडापासून थेट वरपर्यंत. आमच्या गच्चीवरून चंदेरीचा डोंगर दिसतो तसा, अंगावर येणारा. लहानपणी दादाच्या पडद्यांचे डोंगर मीच भरायचो, हात बसलेला होता. मागून दादाच्या घशातून आवाज येत होता. डावा हात उचलून तो काहीतरी सांगत होता. मी वळलो नाही. भरभर रंग मारत राहिलो.

दुसऱ्या दिवशी ढग डोंगराला टेकून थांबलेला होता. संध्याकाळी दादाने वाटीभर पेज घेतली. मी स्वयंपाकघरात जाऊन लहान मुलासारखा रडलो.

याला आता बरेच महिने झाले. डॉक्टर खूश आहेत. पण दादा पडद्याकडे बघत नाही. कॉट कशीही फिरवा, तो मान दुसरीकडे करतो. इकडे ढग पुढे गेलेला नाही, पण जागच्या जागी दाटतोय. तळ काळपट झालाय, डोंगराच्या अंगाने वर चढतोय. संगीता परवा हळूच म्हणाली, "अहो, त्या डोंगरावर निळा रंग मारा. किती दिवस अडवून ठेवणार त्यांना?" मी तिच्यावर ओरडलो. मग दिवसभर स्वतःवरच चिडत राहिलो.

विज्ञानाच्या बाजूने मी सगळं करून बघितलं. ओल, भिंत, रंग, माझे डोळे... डोळे तर तपासूनही आलो. कशाचाच उलगडा होत नाही. कुणाला काही सुचलं तर सांगा, हसायचं तर हसा.

एक मात्र चांगलं झालंय. फिजिओथेरपीला येणाऱ्या मॅडमनी दादाला डाव्या हाताने 'हो' म्हणायला शिकवलंय. 'हो' असेल तर तो आपला हात दाबतो, नसेल तर सोडून देतो. पाणी देऊ? दाबतो. पंखा बंद करू? दाबतो. रोज ड्युटीला जाताना मी त्याचा हात हातात घेऊन असं काहीबाही विचारत बसतो.

डोंगर मिटवू का, हे मात्र मी अजून विचारलेलं नाही.