मास्तरांच्या ओठांतलं बटण

मास्तरांना मी खरं तर कितपत ओळखत होतो, कोण जाणे. जिन्याच्या एका बाजूला त्यांचं शिवणाचं दुकान, दुसऱ्या बाजूला माझं दार. तीस वर्षांत बोलणं झालं ते कमरेच्या मापापुरतं. तेव्हाही त्यांच्या ओठांत चार टाचण्या असायच्या, म्हणजे बोलायचं मीच, आणि मला बोलता येतं कुठे!

एका सकाळी त्यांचा अर्धा चेहरा लुळा पडला. हातपाय शाबूत, पण डावीकडून ओठ मिटेनात, लाळ गळू लागली. नातीचं लग्न दोन महिन्यांवर आलेलं. पांढऱ्या रेशमाचा पोशाख आजोबांनीच शिवायचा, हा तिचा हट्ट. रेशमावर थेंब पडला की डाग राहतो. मास्तरांनी कापड कपाटात ठेवून दिलं.

"दुसऱ्याकडे टाक," ते नातीला म्हणाले.

"मग लग्नच पुढे ढकलते," ती म्हणाली.

दवाखान्यातल्या व्यायामाच्या बाईंनी समजावलं, लाळ सगळ्यांनाच सुटते. ओठ घट्ट मिटले की ती आत राहते आणि नकळत गिळली जाते. दोऱ्यात मोठं बटण ओवून दातांपुढे, ओठांच्या आत धरायचं. कोणीतरी दोरा हळू ओढायचा. ओठांनी सोडायचं नाही.

"बटण? मग घरचंच काम!" मास्तरांनी कोटाचं बटण निवडलं. दोरा त्यांच्या बायकोकडे, म्हणजे आमच्या वहिनींकडे. पण मास्तरांचा आवळलेला चेहरा बघून वहिनींना हसू फुटे, मग मास्तरांनाही, की बटण टुणकन बाहेर.

"अहो, डोळे वटारू नका ना!"

"तू हसतेस म्हणून सुटतं!"

शेवटी वहिनींनी माझं दार वाजवलं. "भावोजी, तुम्ही चला. तुम्ही कधी हसत नाही."

मी रोज सकाळी दोरा धरून बसू लागलो. चौथ्या दिवशी बटण उडून माझ्या चहात पडलं आणि मलाही हसू आवरेना.

"घ्या, हेही कामातून गेले!" वहिनी म्हणाल्या.

पाचव्या आठवड्यात मी जरा जोर लावला, तर दोराच तुटला. बटण आतच. मास्तरांनी हनुवटीवरून हात फिरवला. कोरडी! ते उठले आणि त्यांनी रेशीम टेबलावर पसरलं.

नात तो पोशाख घालून आरशापुढे गरगर फिरली. वहिनींनी चष्मा पुसून पुसून शोधलं, डाग सापडला नाही.

त्यानंतर तीन वर्षांनी मास्तर गेले. आदल्या दिवशी मी दुकानात डोकावलो होतो. ओठांत चार टाचण्या.

"मास्तर, माझी पँट?"

त्यांनी टाचण्या एकेक करून काढल्या. "गुरुवारी."

"या गुरुवारी?"

"या, असं मी कुठे म्हटलं?"