बटवड्याची पायरी

बिल्ला त्याने वरून टाकला. हातात दिला नाही. हजेरीचा कारकून ओट्यावर उभा, मी खाली पदर पसरून. पितळी बिल्ला पदराच्या काठाला लागला आणि खडीत पडला. "उचल," तो म्हणाला. "सोन्याचा नाही, पण तुझ्यापेक्षा महाग आहे." ओट्यावरची माणसं हसली. मी वाकून उचलला. काम मिळालं म्हणून मीही थोडी हसले. त्या हसण्याचा मला अजून राग येतो.

पिंपरीच्या माळावर तेव्हा कारखाना उभा राहत होता. आई आणि मी दापोडीच्या रुळाकडेच्या वस्तीतून पायी जायचो आणि दिवसभर घमेल्याने खडी वाहायचो. प्रत्येकीला नंबराचा एक बिल्ला. सकाळी तो दाखवला की हजेरी लागायची. शनिवारी बटवडा, म्हणजे ठेकेदाराच्या कचेरीच्या खिडकीतून आठवड्याचा पगार. खिडकीत बिल्ला ठेवायचा, पैसे घ्यायचे; बिल्ला सोमवारी हजेरीला परत मिळायचा. तोंड कोणी बघत नव्हतं. बिल्ला आणील त्याचा पगार.

खिडकी ओट्यावर होती. ओट्यावर ठेकेदाराच्या माणसांचा पाण्याचा माठ होता, ती तिथेच जेवायची. आम्ही महारवाड्यातल्या बाया. त्या पायरीला पाय लावायचा नाही, हे आम्हाला कोणी सांगावं लागलं नाही. विटाळ कायद्याने गेला, असं वस्तीतल्या सभेत ऐकलं होतं. कायदा अजून ओट्यापर्यंत पोचला नव्हता.

म्हणून आमचे बिल्ले मुकादम न्यायचा. धोतराचा सोगा पुढे धरायचा, आम्ही त्यात वरून बिल्ले टाकायचो. तो वर जायचा, पैसे आणायचा आणि आमच्या ओंजळीत वरून सोडायचा. त्याची तसदी म्हणून प्रत्येकीचं थोडं कापून घ्यायचा. आमच्या हातातलं पितळ त्याला चालायचं. आमच्या घामाचा पैसाही चालायचा. हात तेवढे चालत नव्हते. आणि आम्ही काय म्हणायचो? "भला माणूस हाय. आपल्यासाठी वर चढतो." असं म्हणायचो आम्ही. मीपण म्हटलंय.

एके दिवशी आईच्या पायावर दगड पडला. मुकादम म्हणाला, माती लाव. लावली. शनिवारपर्यंत पाय सुजून काळा पडला होता. खडकीचा डॉक्टर पैसे आधी मागायचा. घरात जवारीच्या पिठाशिवाय काही नव्हतं. माझा आठवड्याचा पगार आला की आईला टांग्यात घालून न्यायचं, एवढं एकच मनाशी धरून मी तो आठवडा काढला.

शनिवारी बिल्ला सोग्यात टाकला. मुकादम खाली आला. सगळ्यांना मिळाले. मी ओंजळ धरून उभी.

"तुझं न्हाई आलं."

"का वो?"

"बिल्लाच न्हवता तुझा यात."

"टाकला की मी. समद्यांनी बघितलं."

त्याने बायांकडे बघितलं. बाया खाली बघायला लागल्या. कोण बोलणार? सोमवारी त्याच्याच हाताखाली घमेलं उचलायचं होतं.

मी ओट्यापाशी गेले. खालूनच कारकुनाला नंबर सांगितला. तो म्हणाला, "या नंबराचा पगार गेला. बाई स्वतः येऊन घेऊन गेली."

"कोन बाई? मी तर हितं हाय."

"तिने बिल्ला आणला. आम्ही बिल्ला ओळखतो. बाया ओळखत बसलो तर झालंच."

तेव्हा मला आठवलं. मुकादमाची भावजय मघाशी ओट्यावरून उतरली होती. आमच्या कामावर ती कधीच नव्हती. तिला पायरीची बंदी नव्हती. माझा बिल्ला घेऊन ती मी झाली होती.

मी तसं बोलले. बोलता बोलता पाय पायरीवर गेला. मुद्दाम नव्हे, आईचा पाय डोळ्यांपुढे होता म्हणून. पहारेकऱ्याने अंबाड्याला धरून मागे ओढलं. कोणी ओरडलं, माठ फोडा आता. मुकादम पुढे आला. "माझ्या घरच्या बाईवर आळ घेतीस? नाक घास. मंग बघू."

मी नाक घासलं. हो, घासलं. सगळ्या कामगारांसमोर, पायरीखालच्या खडीत. नाकाचं कातडं सोललं. मग त्याने माझ्यापुढे काही नाणी टाकली, माझ्याच पगारातली, भीक म्हणून. मी तीही वेचली. त्या वेळी मला जमीन दुभंगावी असं वाटलं नाही. मला फक्त नाणी सगळी सापडावीत असं वाटत होतं.

ती डॉक्टरला पुरली नाहीत. उसनेपासने करून आईला नेलं तेव्हा उशीर झाला होता. पायाची बोटं कापली. आई पुन्हा घमेलं उचलू शकली नाही. मला म्हणायची, "गप ऱ्हा बाई. पाण्यात राहून माशाशी वैर करू नये." ती शिकवत होती ते तिला तिच्या आईने शिकवलेलं.

पण माझ्या डोक्यातून एक गोष्ट जाईना. चोराला काही कसब लागलंच नव्हतं. कुलूप फोडलं नाही, खिसा कापला नाही. आम्ही रांगेने उभ्या राहून दर शनिवारी आपणहून त्याच्या सोग्यात टाकत होतो. आम्हाला पायरी वर्ज्य, म्हणून त्याचं फावत होतं. पायरी मोकळी असती तर त्याला आमच्या पगाराला हात लावता आला नसता. हे कळलं तेव्हा मला आधी रडू आलं, मग संताप.

बिल्ला सोमवारी "सापडला". कारकुनाने पुन्हा वरून टाकला. मी तो पदरात येऊ दिला आणि गाठ मारली.

पुढच्या शनिवारी मुकादमाने सोगा धरला. बाकीच्यांचे बिल्ले पडले.

"तुझा?"

"माझा माझ्यापाशी हाय. माझा पगार मीच घेनार."

"वर चढशील?"

"चढंन."

चढले. खिडकीत बिल्ला धरला, पण सोडला नाही. म्हटलं, "आधी पैसे."

कारकुनाने खिडकी लावून घेतली. बटवडा थांबला. खाली पुरुष मजूर शिव्या द्यायला लागले. मुकादमाला नव्हे, मला. आमच्यातलीच एक म्हातारी कळवळून म्हणाली, "उतर गं पोरी, तुझ्यापायी आमचं जाईल." तिचं खरं होतं. तिच्या घरची चूल मी पेटवणार नव्हते. तरी मी उतरले नाही. पहारेकऱ्याने माझी मूठ उघडली, एकेक बोट मागे वाकवून. बिल्ला घेतला. मला पायरीवरून ढकललं. पगार मिळाला नाही आणि काम त्याच घटकेला गेलं. त्यानंतर खिडकी उघडली आणि मुकादम सोगा सावरत वर गेला. एकही बाई माझ्या मागे आली नाही.

आता मी दुसऱ्या ठेकेदाराकडे खडी फोडते. इथेही बिल्ले आहेत, ओटा आहे, आणि "आण, मी आणून देतो" म्हणणारा आहे. शनिवारी मी त्याच्या अंगावरून पुढे जाऊन पायरी चढते. तो शिव्या देतो, देऊ दे. हेही काम जाईल, कदाचित याच शनिवारी. जाऊ दे. पगार माझ्या हातावर ठेवला की बिल्ला सोडेन. त्याआधी हवा असेल, तर या वेळी माझी बोटं मोडावी लागतील.