आत्याची रेकॉर्ड

मला रेकॉर्डचा नाद आहे, पण गाण्यांचा नाही. असं म्हटलं की लोक माझ्याकडे जरा संशयानंच बघतात. गाणं काय, मोबाईलवरही ऐकता येतं. मला हव्या असतात त्या तऱ्हेवाईक रेकॉर्ड: आतून सुरू होऊन बाहेर वाजत येणाऱ्या, चौकोनी, पोस्टकार्डावर छापलेल्या, मासिकासोबत फुकट वाटलेल्या. गिऱ्हाईक गटवायला कंपन्यांनी काय काय उद्योग केलेत ते बघत बसलो की जेवायची शुद्ध राहत नाही. सुप्याच्या कारखान्यात मी आठवडाभर प्लास्टिकच्या भागांवर भिंग धरून खोट शोधतो आणि सुट्टीच्या दिवशी तेच भिंग घेऊन रेकॉर्डवर वाकतो. बायको म्हणते, जित्याची खोड मेल्याशिवाय जायची नाही.

राजूरला आमच्या आजोबांचं किराणा दुकान होतं. मुलंबाळं त्यांना दादा म्हणायची. ते जाऊन बरीच वर्षं झाली. मागच्या वर्षी दुकान पाडून नवे गाळे काढायचं ठरलं. सामान आवरताना वजनांच्या पेटीखाली एक निळी, पातळ, कागदासारखी वाकणारी रेकॉर्ड निघाली. वर चहाच्या पुड्याचं चित्र. मी तर हरखूनच गेलो. माझे वडील, अण्णा, मात्र पोट धरून हसायला लागले. "आरं, हीच ती आत्याची रेकॉर्ड!"

'रेकॉर्ड बोलली का?' ही आमच्या घरातली म्हण. कुणी थाप मारली की तोंडावर फेकायची. तिच्यामागची गोष्ट आम्हा सगळ्यांना पाठ होती. आत्या म्हणजे अण्णांची धाकटी बहीण, तेव्हा शाळकरी पोर. चहाच्या कंपनीचा माणूस दुकानात ही रेकॉर्ड देऊन गेला. जो पुडा घेईल त्याला ती वाजवून दाखवायची. गिऱ्हाईक रमावं म्हणून आजोबांनी दुकानात प्लेअर ठेवलेलाच होता. पहिल्याच बाजाराच्या दिवशी आजोबा जेवायला गेले आणि आत्या गल्ल्यावर बसली. परत येऊन बघतात, तर पोरीनं डोंगरातल्या कुठल्याशा वाडीच्या बाईला एक जादा पुडा फुकट देऊन टाकलेला. का, तर म्हणे रेकॉर्डनं द्यायला सांगितलं. आजोबांनी तिच्यासमोर रेकॉर्ड लावली. पुन्हा एकदा लावली. दोन्ही वेळा रेकॉर्ड नुसतं 'पुन्हा या' म्हणाली. आत्यानं मार खाल्ला आणि रेकॉर्ड पेटीखाली गेली. ती बाई पुन्हा कधी दुकानाकडे फिरकली नाही.

पुड्याचं कुणी लक्षात ठेवलं नसतं, पण म्हण राहिली. आत्या काही सांगायला लागली की अण्णा 'खोट्याच्या कपाळी गोटा' म्हणत तिला गप्प करायचे. तिला गावातच दिली होती, त्यामुळे म्हण सासरीही पोचली. तिथे कपाटाच्या किल्ल्या धाकट्या जावेकडे गेल्या, आत्याकडे कधी आल्या नाहीत. ती हसण्यावारी न्यायची. मला त्या हसण्याचा लहानपणापासून त्रास व्हायचा.

घरी आल्यावर रेकॉर्ड भिंगाखाली धरली. साध्या रेकॉर्डची खाच कडेला एकाच जागी सुरू होते आणि गोल गोल आत जाते. इथं मला सुरुवात सापडली. रेकॉर्ड थोडी फिरवली, तर आणखी एक सुरुवात! मग तिसरी! तीन खाचा एकमेकींना खेटून, कुठेही न मिळता, पार आतपर्यंत गेल्या होत्या. अशा रेकॉर्डबद्दल मी फक्त वाचलं होतं. सुई कुठल्या खाचेत पडते त्यावर शेवटी काय ऐकू येणार ते ठरतं. कंपनीच्या माणसानं ही गंमत आजोबांना सांगितलीच नाही, की कामाच्या गडबडीत त्यांनी ऐकली नाही, कोण जाणे. लावून बघायला हात शिवशिवत होते, पण आवरले. आधी ऐकायचा हक्क आत्याचा होता. आणि खरं सांगायचं तर भीतीही वाटत होती. तिन्ही खाचांत 'पुन्हा या'च निघालं तर?

पुढच्या रविवारी प्लेअर आणि अण्णांना घेऊन राजूर गाठलं. आत्या म्हणाली, "कशाला उकरून काढतो रं आता ते?" तरी येऊन बसली. पातळ रेकॉर्ड घसरू नये म्हणून मी वर रुपया ठेवला आणि पहिल्या खाचेत सुई सोडली. एका बाईनं चहाचं गाणं म्हटलं. शेवटी, 'पुन्हा या.' दुसऱ्या खाचेत तेच गाणं, तेच 'पुन्हा या.' अण्णांनी आत्याकडे बघून डोळे मिचकावले. मला त्यांचा संताप आला.

तिसऱ्या खाचेत गाणं संपलं आणि तीच बाई म्हणाली, 'तुमचं नशीब जोरावर! दुकानदाराकडून एक पुडा मोफत मागून घ्या.'

आत्या म्हणाली, "परत लाव." मी परत लावलं. अण्णा खालमानेनं म्हणाले, "चुकलं गं आमचं." आता आत्या त्यांना फाडून खाणार असं मला वाटलं, आणि तिनं खावंच असंही वाटलं. पण तिचं लक्षच नव्हतं.

"मलाच वाटाया लागलं हुतं, का आपुनच खोटं बोललो असू," ती म्हणाली. "दादा शेवटचे आजारी हुते ना, तवा त्यांच्या पायावर डोकं ठिवलं मी. म्हनलं, दादा, त्या पुड्याचं मी खोटं बोलले हुते, मला माफ करा."

मी प्लेअर बंद केला.

"लई रडले मी," आत्या म्हणाली. "आन् दादांनी माफ केलं मला."